पन्ह्याचं आमंत्रण

कागदावर मोहनाचं इंग्रजी फर्डं, पण बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची. त्यापायी दोन नोकऱ्या हातच्या गेल्या. मग मांडवीजवळच्या सायबर कॅफेत बसून ती इंटरनेटवर रॉबर्ट सरांशी बोलू लागली. सर इंग्लंडात, लीड्सला राहायचे म्हणे. फुकट शिकवायचे, ती चुकली तरी हसायचे नाहीत. पोरीला आणखी काय हवं होतं?

सर विषय द्यायचे आणि मोहना बोलत सुटायची. घरी कोण असतं, सण कसे करता. नागरवाड्यातल्या घरी आपण आणि आई अशा दोघीच, हे तिने सांगितलं. चैत्रगौर बसते तेव्हा पणजीच्या काळापासूनची चांदी लॉकरमधून घरी येते, तेही सांगून टाकलं. सांगताना कुठे अडखळली नाही, याचाच तिला केवढा आनंद!

आई, नलिनीताई, जुन्या वळणाची. "अगं, एवढं शिकवतात, त्यांना पन्ह्याला तरी बोलाव. येणार नाहीत म्हणून बोलवायचंच नाही की काय?" लीड्सहून कोण उठून येतंय, म्हणत मोहनाने आमंत्रण दिलं. इंग्रजीत, अगदी पत्त्यासकट. सरांनी तिचं कौतुक केलं.

हळदीकुंकवाच्या दुपारीही ती कॅफेत गेलीच. मोबाइलवर इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि सर आज चालता चालता बोलत होते.

"आई काय करते आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"गौरीपुढे बसली आहे, एकटीच. बायका पाचनंतर येतील," मोहना एका दमात म्हणाली.

"छान. बोलत राहा."

तेवढ्यात सरांच्या बाजूने भाजीवाल्याची आरोळी आली, नागरवाड्यात रोज ऐकू येते तशीच गुजराती, "ताजा भींडा लई लो!" मोहना थबकली. लीड्सलाही गुजराती असतीलच की, तिने मनाला समजावलं. पण हेडफोन तिने कानांवर घट्ट दाबला.

"सर, तुम्ही कुठे आहात?"

जिन्यावरची पावलं ऐकू आली, मग दाराची कडी वाजली.

"कोण आहे?" हेडफोनमध्ये आईचा आवाज होता.

"मावशी, मी मोहनाचा इंग्रजीचा सर," तो माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला. "पन्ह्याला बोलावलं होतंत ना?"

"अगबाई, तुम्ही आपल्यातलेच की! या, या ना!" आईला आनंद मावेना.

"आई, त्याला घरात घेऊ नको!" मोहना किंचाळली. सगळा कॅफे वळून बघू लागला. फोन त्याच्या कानाला, आईला काय ऐकू जाणार! तिने आपल्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला. घंटी हेडफोनमध्येच वाजू लागली.

"मावशी, फोन वाजतोय."

"वाजू दे मेला," आई म्हणाली. "दारात आलेला माणूस आधी. तेवढं दार लावून घ्या हं, ऊन येतंय."

त्याने दार लावून घेतलं.