एका माडाचा पाक

मनोरीच्या जेटीवर उतरून धर्माकाकांच्या वाडीपर्यंत पोचेतो अनुपमाचे पाय भरून आले होते. सन पंच्याऐंशीचा मार्च, डोक्यावर ऊन, आणि बोरिवलीहून दोन बस बदलून झालेल्या.

वर्षभर ती इथूनच माडाच्या रसाचा पाक नेत होती. काका माडावर चढून चुना लावलेल्या मडक्यात रस धरायचे. चुना नसला की दुपारपर्यंत त्याची माडी होते. सगुणाकाकू तो चुलीवर आटवायच्या. आधी घरापुरती एक बाटली, मग शेजारणींनाही हवी झाली. ‘अनुपमा आणते ते असली,’ या बोलावर या महिन्यात तिनं काकूंना स्वतःची एक धरून बारा बाटल्या सांगितल्या होत्या.

"घे बाय, बाराच्या बारा," काकू म्हणाल्या.

अनुपमानं थेंबभर चाखला. नुसता गोड. धुराचा वास नाही, मागे राहणारा खारटपणा नाही.

"काकू, यात साखर आहे."

"मग? बारा तू सांगितल्यास का मी? माड म्हंजे काय नळ हाय, सोडला की धो धो?" काकूंनी बाटली उन्हात धरली. "मागल्या खेपेला तुझ्याच बायका बोलल्या ना, काळा हाय, वास येतो? आता बघ कसा पिवळाधमक. हाच आवडंल त्यांना."

आवडला असता. अनुपमाला ते ठाऊक होतं, आणि त्याचाच शीण जास्त होता.

धर्माकाका खाटेवर गुडघ्याला एरंडाची पानं बांधून पडले होते.

"काका, शेवटचं कधी चढलात?"

"पंधरा दिस झाले. एका माडाचा झाला, तो फडताळात हाय. एकच बाटली."

"मला कळवायचं तरी."

"एवढी लांबून येतंस. रिकामी कशी धाडू?"

तिनं तेवढी एक घेतली.

"आन् ह्या बारांचं मी काय करू?" काकू कडाडल्या.

"चहात घाला."

काकूंना नको असताना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "पुढल्या महिन्यात?"

"काका चढले तर. नाहीतर नाही."

संध्याकाळी तिनं पहिलं दार नलिनीचं वाजवलं. झालं ते सगळं सांगितलं.

"अगं, साखर तर साखर! आणायचं ना," नलिनी म्हणाली. "नाहीतर दुसरीकडे बघ."

"असली म्हणून मीच सांगितलं होतं ना तुम्हाला," अनुपमा म्हणाली. "आणि दुसरीकडे कोणी नाही गं."

अजून दहा घरांना हेच सांगायचं होतं. ती कठड्याला धरून वरचा जिना चढू लागली.