एका बोटावर फिरणारी लेन्स

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली बगळेबाई म्हणायची. सुट्टी असली की हातभर लांब लेन्स घेऊन बाई बगळ्यांचे फोटो काढायला तळ्यावर हजर. मागून पिशव्या सांभाळत त्यांचे यजमान. ते निवृत्त भूमापक. पक्ष्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते डोंगरदऱ्यांचे फोटो काढत.

मग बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण डाव्या हातात जोर येईना. लेन्स कपाटात गेली. बरेच महिने तिचं नावही कुणी काढलं नाही. एका सकाळी बाईच म्हणाल्या, "अहो, हाताला पेलत नाही, तर तुमच्या ट्रायपॉडवर लावू की."

ट्रायपॉडचे पाय भक्कम होते, पण त्याचं हेड, म्हणजे ज्यावर कॅमेरा बसतो ते डोकं, पार झिजलं होतं. नवं घ्यायला दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

"बॉल हेड बघू," यजमान म्हणाले. "एका गोळ्यावर सगळीकडे वळतं, सुटसुटीत असतं. तूही आता डोंगर काढ. बसल्या जागी काम."

"डोंगर कुठे उडून जाणार आहेत? काढीन म्हातारपणी."

"आता काय पोरवयात आहेस?"

दुकानदारीण हसली. तिने बॉल हेडवर बाईंची लेन्स चढवली. बाईंनी उजव्या हाताने खटका सैल केला मात्र, जड लेन्स धाडकन नाक खाली टाकून कलंडली. डावा हात उठलाच नाही. दुकानदारणीने ती वरच्यावर झेलली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"चल, घरी जाऊ," यजमान हळूच म्हणाले.

"का?"

"नाही जमलं तर तू खचशील गं. मला ते बघवणार नाही."

"घरी बसून काय मोठी फुलतेय मी?"

दुकानदारणीने आतून दुसरं हेड आणलं. पाळण्यासारखी लेन्स लटकवून धरणारं, गिंबल. लेन्स पुढे-मागे सरकवत तिने तोल साधला आणि सगळे खटके सैल सोडले. लेन्स जागची हलली नाही. बाईंनी एक बोट लावलं. ती अलगद वर गेली. बोट काढलं, तिथेच थांबली. दारावरून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या मागे बाईंनी ती थेट कोपऱ्यापर्यंत फिरवली.

"साहेब, डोंगरांसाठी मात्र हे अडचणीचं," दुकानदारीण म्हणाली. "बोजड आहे. छोट्या लेन्सचा कॅमेरा यावर नीट बसत नाही, आडवा-उभाही करता येत नाही."

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. ती अजून लेन्स फिरवत रस्त्यावर माणसं शोधत होती.

"हेच द्या," ते म्हणाले. "माझं मी दगडावर कॅमेरा ठेवून भागवीन."

पुढच्याच रविवारी दोघं तळ्यावर गेली. पहिल्या बगळ्याची नुसती शेपटी आली, दुसरा धूसर. बाई स्वतःवरच चरफडल्या. तिसरा पाण्यावरून उठला तशी लेन्सही त्याच्याबरोबर उठली आणि खटाखट फोटो निघाले. एकात पंख पूर्ण पसरलेले, डोळा लख्ख.

"दाखव, दाखव!" यजमान थर्मासमधला चहा घेऊन पुढे सरसावले.

"हलू नका हो! अजून एक बसलाय."

ते होते तिथेच थबकले. हातातला चहा निवत गेला, पण त्यांनी तो तोंडालासुद्धा लावला नाही.