हवेत सोडलेला हात

ताई अवकाशातून परत आली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो एकदाचे, पोरगी जमिनीला लागली. कसली लागते! कित्येक महिने वजनाशिवाय तरंगून तिच्या पोटऱ्या वाळल्या होत्या, खुब्याची हाडं विरळ झाली होती, आणि मान जरा झटकन वळवली की खोली गरगर फिरायची. "व्यायाम केलात तर हाडं बरीचशी भरून येतील," डॉक्टर म्हणाल्या, "पण घाई नको. आणि जिन्यावर सोबतीशिवाय जायचं नाही."

घरात सोबत कुणाची, तर म्हाताऱ्या बाबांची. जन्मभर ओळंबा लावून भिंती उभ्या केलेला गवंडी माणूस. आता गुडघे कुरकुरत होते, पण जीभ तशीच धारदार. बाप-लेक व्हरांड्यात भिंतीला धरधरून चालायचे, आणि ती जरा झुकली की बाबा ओरडायचे, "ए उडाणटप्पू, कलली बघ भिंत! पाडून नव्यानं बांधावी लागणार." ती हसून बेजार व्हायची. खरं तर इतक्या वर्षांत बापाशी एवढ्या गप्पा झाल्याच नव्हत्या. कधी परीक्षा, कधी प्रशिक्षण, कधी आकाश. वेळ होता कुणाला?

एक खोड मात्र जाता जात नव्हती. वर असताना हातातली वस्तू सोडली की ती तिथंच तरंगत राहायची. त्यामुळे इथंही ती चहा पिता पिता कप हवेत सोडायची आणि खुशाल दुसऱ्या कामाला वळायची. खळ्ळकन आवाज झाला की बाबांना हसू आवरायचं नाही. तुकडे गोळा करताना धाकटा भाऊ वैतागायचा. "मी कामावरून येईपर्यंत दोघांनी खाली उतरायचं नाही हं," असं रोज बजावून जायचा.

त्या दिवशी बाबांनी हट्टच धरला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे त्यांच्या जुन्या मित्रांचा अड्डा जमायचा. "लेकीला मिरवायचंय मला. चार पायऱ्या तर आहेत!" बापानं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, नाही कसं म्हणणार? पण म्हणायला हवं होतं हो!

तिनं त्यांचा दंड धरला. दोघं उतरू लागले. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. तिनं बाबांना सोडलं, अगदी सहज, आणि खिशात हात घातला. बाबा खालपर्यंत गडगडत गेले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "माझाच पाय घसरला. पोरीनं तर घट्ट धरलं होतं." ती खरं बोलायला गेली की डोळे वटारायचे. धाकट्यानं तिला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिची हाडं भरून येणार होती. बाबांची या वयात कसली भरतायत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ती रडली, स्वतःला नको नको ते बोलली. त्यानं काय होणार होतं?

ऑपरेशननंतर व्यायाम करून घेणारा माणूस आला. "चला आजोबा, आज उभं राहायचं. ताई, तुम्ही या बाजूनं धरा."

ती पुढं झाली. तिचा हात दंडाला लागताच बाबांनी अंग चोरलं. मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, आणि ते ओशाळं हसले.

"तू बस गं बाळा, दमली असशील," ते म्हणाले. "धाकट्याला बोलाव."