मेणकापडाखालचं सागवान

ताईला मी सागवानी जेवणाचं टेबल करून दिलं आणि तिनं त्यावर फुलाफुलांचं जाड मेणकापड अंथरलं. तेव्हापासून तिच्याकडे जेवायला बसलो की माझं डोकं फिरतं.

मी सुतार. दारं, कपाटं, पलंग करण्यात हयात गेली, पण या टेबलासारखं लाकूड पुन्हा हाती लागलं नाही. सगळं गाभ्यातलं, रेषा सरळ. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः ओट्याशी उभ्याउभ्या चार घास खाल्ले. म्हातारपणी तरी तिनं ऐटीत बसून जेवावं, एवढंच मला हवं होतं. आता तिचे हात थरथरायला लागलेत. मग वापरायचं कधी?

"अगं, याच्या अंगातच तेल असतं. पाणी सांडलं तर पुसायचं. वाळवीसुद्धा वाटेला जात नाही. जहाजं करतात याची."

"माझ्याकडे कुठं समुद्र आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी.

काल तिच्या हातून पेला कलंडला आणि पाणी मेणकापडाखाली शिरलं. मी उठलो तशी ती घाईनं म्हणाली, "राहू दे, मी पुसते." मी ऐकलं नाही. ताटं बाजूला केली आणि कापड ओढलं.

लाकूड रंध्याखालून निघालं तेव्हा होतं तसंच फिकट. फक्त तिच्या खुर्चीसमोर तळहाताएवढा तुकडा मधासारखा गडद झाला होता. तेवढंच मेणकापड कात्रीनं नीट कापलेलं होतं. मी यायचो तेव्हा त्यावर तिचं ताट असायचं.

"दुपारी कुणी नसतं," ती खाली बघत म्हणाली. "ताट उचललं की हात ठेवून बसते जरा. बरं वाटतं."

"मग उरलेलं कशाला झाकलंस?"

"तुझ्या लेकीला नवंकोरं मिळायला नको?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "नवंकोरं कसलं? ठिगळ लावल्यासारखं दिसतंय नुसतं. रंग एकसारखा व्हायचा तर आता सगळं उघडंच ठेवायला हवं."

तिनं थोडा विचार केला. मग पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिथल्या फिकट लाकडावर तळहात ठेवला.

"बरं. आता इकडून."

रंग उजेडानं चढतो, हातानं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं आणि पाणी पुसायला फडकं घेतलं.