बाथरूमच्या दाराचा संप

दामाजीच्या घरचं बाथरूमचं दार पावसाळ्यात फुगलं, आणि पावसाळा सरला तरी उतरायचं नाव घेईना. खालून दोन सूत घासत होतं. दोन सूत म्हणजे पाव इंच. एखाद्या सुताराने तोंडातली विडी न काढता रंधा मारून दिला असता. त्याची बायको आवडाबाई तेच म्हणाली. पण दामाजी म्हणाला, "सुतार कशाला? आपली शेड आहे ना!" आणि दार खांद्यावर टाकून निघाला. त्याची चूक एवढीच. पुढचं सगळं बाकीच्यांनी केलं.

शेड वर्तकनगरच्या मागच्या अंगाला, भिवाच्या जागेत होती. भिवा तिथला मूळचा. त्याच्या शेतात बिल्डिंगा उगवल्यावर त्याने म्हशी विकल्या आणि गोठा रिकामा पडला. साल त्र्याण्णवचं असेल. आसपासचे कारखाने एकेक करून दिवे मालवत होते आणि पन्नाशीचे धडधाकट गडी व्हीआरएस घेऊन घरी बसत होते. आता घरी बसलेला फिटर काय करणार? तो कुकरची शिट्टी खोलतो. गुणाजी तर इन्स्पेक्शनमधला माणूस. त्याने एका दुपारी ताटातली पोळी उजेडात धरली, फिरवली आणि बायकोला म्हणाला, "रिजेक्ट." त्याची बायको मंजुळा त्याच संध्याकाळी चार बायका घेऊन भिवाकडे गेली.

"ह्या सगळ्यांना बसायला गोठा देशील का?"

भिवा गडबडला. "अगो, ती म्हशींची जागा हाय."

"चालेल," मंजुळा म्हणाली.

अशी शेड सुरू झाली. हेतू चांगला होता. मोडकी स्टुलं दुरुस्त करायची, बालवाडीला लाकडी खेळणी करून द्यायची, पुरुषांनी चार तास बायकांच्या नजरेआड राहायचं. पण या लोकांना काम करण्याची एकच रीत माहीत होती. सकाळी आठला गुणाजी रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून भोंगा करायचा. जगन म्हणजे आयुष्यभराचा स्टोअरकीपर. त्याने हत्यारांभोवती प्लायवूडची भिंत घातली आणि तिला एक खिडकी पाडली, कारण खिडकीशिवाय रांग लागत नाही. खिडकीतून तो सहसा काही द्यायचा नाही. "दिलं की बोथट होतं," असं त्याचं शास्त्र होतं. आणि पोपट हा युनियनचा पुढारी. त्याला कुठलंच हत्यार चालवता यायचं नाही. त्याचा आवाज मात्र घोडबंदर रोडपर्यंत जायचा.

या सगळ्यांत दामाजी एकटाच ऑफिसवाला. बत्तीस वर्षं त्यांच्याच कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये पांढरा शर्ट घालून बसलेला. शेडमध्येही तो पांढरा शर्ट घालून जायचा, कारण त्याच्याकडे दुसरे शर्ट नव्हते.

दार शेडमध्ये गेलं आणि त्याचा 'जॉब' झाला. आधी गुणाजीने ते तपासलं आणि फुगलेलं आहे असा निष्कर्ष काढला. मग ते जगनच्या खिडकीशी रांगेत उभं राहिलं. दामाजी रोज विचारायचा, रोज कुणीतरी म्हणायचं, "प्रोसेसमध्ये आहे." घरी बाथरूमला निळ्या फुलांची चादर टांगली होती. बाथरूम बरोबर बाहेरच्या खोलीसमोर. कोचावर बसलेल्या माणसाला दुसरं काही बघायचं म्हटलं तरी सोय नव्हती. त्यात पंखा लावला की चादर उडायची. मग आंघोळ करणारा आतून ओरडायचा, "पंखा!" आणि बाहेरचे उकाड्यात बसायचे.

गुरुवारी आवडाबाईने त्याला दारात, म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिथे गाठलं.

"अवो, रविवारी सुमेधाला बघायला कल्याणची माणसं येतायत. ती काय चादरीमागं जातील?"

"रविवारपर्यंत होतंय गं."

"पाहुणी बाई चादरीमागं गेली, तर पोरीचं लग्न मोडलं म्हणून समजा. मग त्या शेडमध्येच झोपायचं तुम्ही. दार आहे तिथं, पांघरा."

सुमेधाला हे स्थळ मनापासून पसंत होतं. मुलगा तिच्याच पतपेढीत होता. बघण्याचा कार्यक्रम फक्त मोठ्यांच्या समाधानासाठी होता. त्यामुळे मोडलं तर ते दामाजीच्या दारापायीच मोडणार होतं. तो तडक शेडमध्ये गेला आणि हात जोडून म्हणाला, "मित्रांनो, रविवारी पाहुणे आहेत. आज पाचनंतर अर्धा तास जास्त बसू या, दार संपवू या."

पोपट हळूच उठला. त्याच्या डोळ्यांत शेड सुरू झाल्यापासून तीन वर्षांत कुणी न पाहिलेली चमक होती.

"म्हणजे ओव्हरटाइम?"

"नाही रे, अर्धा तास फक्त..."

"कोणाला विचारून? सक्तीचा ओव्हरटाइम! भावांनो, हत्यारं खाली!"

हत्यारं कुणाच्याच हातात नव्हती. ती खिडकीमागे होती. म्हणून सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"अरे पोपट्या, संप कुणाविरुद्ध करतोयस?" दामाजी म्हणाला. "इथे मॅनेजमेंट आहे कुठे?"

हा मुद्दा बिनतोड होता. पोपटने एकेकाला न्याहाळलं. मग त्याची नजर पांढऱ्या शर्टावर स्थिरावली. जगन खिडकीतून म्हणाला, "दामू स्टाफचा माणूस. मॅनेजमेंटच्या जिन्याने चढायचा." लगेच मतदान झालं. सगळ्यांचे हात वर गेले. दामाजीने हात वर केला नाही, तेव्हा तो तटस्थ धरला गेला. अशा रीतीने त्याच्या दाराविरुद्ध संप पुकारला गेला आणि संपकऱ्यांचा मालक तोच झाला.

त्या क्षणापासून त्याला कुणी 'दामू' म्हणेना. पोपट वाकून म्हणाला, "साहेब, आता तुम्ही आमच्याशी बोलायचं नाही. बोलणी सुरू झाल्याशिवाय बोलता येत नाही."

शुक्रवारी आवडाबाईने दोन हमाल पाठवले. "नको ते रंधा मारणं. फुगलेलं तर फुगलेलं, दार घरी आणा. लाथ घालून लावू." दामाजी हमाल घेऊन गेला, तर गेटवर सगळे आडवे झोपलेले.

"फुटीर आणलेत, साहेब?" पोपट जमिनीवरून म्हणाला. "आमच्या छातीवरून दार न्या."

"अरे, माझं दार आहे ते! माझ्या बाथरूमचं!"

"जॉब एकदा आत आला की तो पुरा झाल्याशिवाय बाहेर जात नाही," गुणाजी शेजारून म्हणाला. "नियम आहे. तुम्हीच मंजूर केला होतात."

तेवढं खरं होतं. हमाल शहाणे होते. ते चहा पिऊन गेले. दामाजीचं डोकं मात्र तापलं. त्याने बघत उभ्या असलेल्या भिवाच्या हातातलं गोठ्याचं कुलूप हिसकावलं, शेडला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ओरडला, "बसा बोंबलत आता!"

त्याची अपेक्षा होती, लोक घाबरतील. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"टाळेबंदी!" पोपटने वाकून नमस्कार केला. "शाब्बास, साहेब! आता खरं झालं."

दार आत राहिलं हे दामाजीच्या लक्षात घराच्या दुसऱ्या जिन्यावर आलं. परत आला तर गेटवर मांडव पडलेला. किल्ली त्याच्याच खिशात होती, पण कुलूप उघडायला गेला की सगळे ओरडत, "बोलणी न करता कारखाना चालू करण्याचा डाव!" पाळ्या लावून पहारा सुरू झाला. मंजुळाने घरून कांदेपोहे आणले. बाकीच्या बायकाही आल्या. नवरे घरी नाहीत आणि शेडमध्ये काही तोडतही नाहीत, असे दिवस त्यांना कधी मिळाले नव्हते.

भिवा दामाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "मना काय बी समजत नाय. शेड माजी, कुलूप माजा, किल्ली तुमची, न बोंबलतान ते भायेर. माज्या म्हशी बऱ्या होत्या."

"भिवा, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी सुतार बोलावला असता."

रविवारी अकराला कल्याणची माणसं आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आवडाबाईने पंखा बंद ठेवला होता. पाहुणे घाम पुसत चिवडा खात होते. मुलाची आई भल्या सकाळी निघालेली, वाटेत बस दोनदा बदललेली. तिने चादरीकडे एकदा पाहिलं. मग चहाकडे पाहिलं आणि कप न उचलता तसाच सरकवला. थोड्या वेळाने ती सुमेधाच्या कानाशी लागली. सुमेधा तिला घेऊन शेजारी गेली, तर मंजुळाच्या घराला कुलूप. त्याच्या पलीकडच्या घरालाही कुलूप. अख्खी बिल्डिंग गेटवर पोहे खात होती.

सुमेधा परत आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, जा. जे मागतील ते द्या. पण दार आणा."

दामाजी धावत सुटला. गेटवर पोहोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

"बोला! तुमच्या मागण्या काय आहेत?"

संपकऱ्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या.

"मागण्या?" पोपट म्हणाला. "त्या बोलणी लांबली की सुचतात, साहेब."

"अरे, तिकडे बाई ताटकळलीय! काहीतरी मागा! मागा रे काहीतरी!"

संपकरी बाजूला जाऊन कुजबुजले. जगन काहीतरी बोलला, गुणाजीने मान हलवली. पोपट परत आला आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"एकच मागणी आहे. मॅनेजमेंटने सोडून जायचं नाही."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी आम्ही कारखान्याच्या गेटवर बसलो होतो आणि आतली साहेबमंडळी कधी गेली ते कळलंच नाही. महिनाभर आम्ही रिकाम्या इमारतीला शिव्या देत होतो. तुम्ही रोज यायचं. आठला. आम्ही बोलू ते ऐकून घ्यायचं. एवढंच."

दामाजीला वाटलं, यापेक्षा बोनस मागितला असता तर परवडलं असतं. पण वेळ नव्हती.

"कबूल."

"कायमचं?"

"अरे, कबूल म्हटलं ना! बाई तिकडे..."

"कामगार एकजुटीचा!" पोपट गरजला. "विजय असो!" सगळे गरजले, आणि दामाजीही घाईघाईत गरजला.

मग जे झालं ते तीन वर्षांत झालं नव्हतं. दामाजीने कुलूप काढलं आणि जगनने खिडकीतून रंधा दिला. दिला म्हणजे फेकलाच. दार आडवं पडलं, भुसा उडाला, दोन सूत निघालं, आणि दार घोषणा देत जिना चढलं. पाहुण्यांच्या समोर चादर उतरली, बिजागऱ्या बसल्या. मुलाची आई भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून हसत होती. ती पुढे सरकली, तेवढ्यात गुणाजी आत शिरला आणि त्याने कडी लावून घेतली.

"काय करतोयस?" दामाजी किंचाळला.

"फायनल इन्स्पेक्शन," आतून आवाज आला. कडी उघडली, पुन्हा लागली, पुन्हा उघडली. "जरा कडक जातेय. तेल आहे का कुणाकडे?"

आवडाबाईने त्याला कॉलरला धरून बाहेर ओढला. मुलाची आई आत गेली. कडी लागली. दामाजीने डोळे मिटले. बत्तीस वर्षं त्याने कारखान्यातून माल बाहेर जाताना पाहिला होता, पण कुठलाही माल इतका वेळेवर पोहोचलेला त्याला आठवेना.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ही मंडळी कोण?"

"कामगार," पोपट छाती काढून म्हणाला. "आणि हे आमचे मालक."

वडिलांनी दामाजीकडे नव्या आदराने पाहिलं. "कारखाना आहे तुमचा? आम्हाला तर रिटायर्ड क्लार्क म्हणून सांगितलं होतं."

दामाजीने तोंड उघडलं. त्याला काय सांगावं ते कळेना, कारण खरं जे होतं ते खोट्याहून वाईट ऐकू येत होतं. सुमेधाच पुढे झाली.

"क्लार्कच आहेत ते. आमचं दार दुरुस्तीला दिलं होतं. यांनी बाबांना मालक केलं आणि मग त्यांच्याविरुद्ध संप केला. तो आत्ता मिटला."

मुलगा हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. वडील त्याच्याकडे बघत राहिले. बाथरूमचं दार उघडलं, आई बाहेर आली, हात पुसत कोचावर बसली आणि म्हणाली, "माणसं चांगली आहेत. घरासाठी धावतात. आता तो चहा द्या बघू. आणि पंखा लावा."

लग्न ठरलं.

सोमवारी आवडाबाईने आठच्या आत दामाजीच्या हातात डबा ठेवला. तो म्हणाला, "अगं, तो शब्द मी अडचणीत दिला होता." ती म्हणाली, "शब्द तो शब्द," आणि त्याच्यामागे घराचं दार नीट लावून घेतलं.

शेडच्या गेटवर सगळे ओळीत उभे होते. आत एक खुर्ची टेबलामागे मांडली होती. "मॅनेजमेंट मुर्दाबाद!" असं एकदा, दोनदा, पाचदा झालं. दामाजी डबा छातीशी धरून ऐकत राहिला. मग पोपट जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, नुसतं उभं राहून नाही जमत. जरा रागवा."

दामाजीने त्या रांगेकडे पाहिलं. गुणाजी हातोडा घेऊन उभा होता, जगन किल्ल्या घेऊन, बालवाडीची खेळणी कोपऱ्यात अर्धवट, मोडक्या स्टुलांचा ढीग छताला लागलेला. आणि आत कुठेतरी त्याचं खरंच सटकलं.

"अरे, काय चाललंय काय तुमचं! लाज नाही वाटत? स्टुलं केव्हापासून पडलीयत! हलवा हात! कामाला लागा, नालायकांनो!"

मग जगनने डोळे पुसले, गुणाजीने रुळावर हातोडा हाणला, आणि सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या.

"वा, साहेब," पोपट म्हणाला. "पुन्हा एकदा. मागच्यांना ऐकू नाही आलं."