आत्याबाईंचा वाटा

इमारतीत तिला सगळे चिमूटवहिनी म्हणत. मीठ असो, साखर असो, हळूहळू चिमटीपलीकडचं माप तिच्या हाताला उरलंच नव्हतं. "आमची ही तेलसुद्धा चिमटीने घालते," असं तिचा नवराच लोकांना सांगे, आणि सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटत असावा. तो कपडे धुण्याच्या कारखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायचा. कंबर गेली, पाठोपाठ नोकरी गेली, आणि तेव्हापासून घर मदतीच्या कार्डावर चाललं होतं.

कार्डावर घरातल्या दर माणसामागे महिन्याचा एक वाटा जमा होई. तेवढंच सामान ठरलेल्या दुकानातून मिळे : तांदूळ, डाळ, बटाटे, पाव, दूध, कधी अंडी. घरात माणसं पाच. नवरा-बायको, मोठा मुलगा, धाकटी मुलगी आणि नवऱ्याची आत्या. आत्याबाई दिसायला एवढ्याशा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या तर वाळत टाकलेल्या टॉवेलइतकीच जागा अडवत. कार्डावर मात्र त्या अख्ख्या होत्या. कार्डाला वय कळत नव्हतं, अंगावरचं मांस कळत नव्हतं.

हे गणित चिमूटवहिनीला पहिल्याच महिन्यात सुटलं होतं. घरात वाढायला एक टिनचा पेला होता, एका बाजूला पोचा आलेला. बाकीच्यांना तो काठोकाठ भरून आणि आत्याबाईंना पोच्यापर्यंत. पोचा बराच खाली होता. त्यातून जे उरे त्यावर धाकटीचं दूध निघे आणि मोठ्याचा दुसरा पाव. स्वतः चिमूटवहिनी शेवटी जेवे, म्हणजे पातेलं विसळून पिई.

"मला अजून थोडा भात चालला असता," आत्याबाई सुरुवातीला एकदा म्हणाल्या होत्या.

"चालला असता हो. पण मग रात्रभर पोट धरून बसाल. तुम्हाला पचत नाही, आत्याबाई."

"मला कधीपासून पचत नाही गं?"

"वय झालं की नाही पचत. ज्याचं त्याला कळत नाही ते."

"आत्या, ती म्हणते तर नसेल पचत," पाठीला उशी लावून बसलेला नवरा म्हणाला. "मलाही ती सांगते की तुला राग येत नाही. मग मला नाही येत."

आत्याबाई हसल्या. पुढे त्यांनी मागणं सोडून दिलं. शेजारीपाजारी कुणी काही खायला पुढे केलं, तर चिमूटवहिनीच्या आधी त्याच म्हणत, "नको बाई, मला पचत नाही." इतकी वर्षं ऐकून त्यांनाही ते पटलं असावं.

समोरच्या दाराआड शिवणवाली राहायची. शाळेचे गणवेश शिवायची, दिवसभर मशीनवर पाय. नवरा कुठे होता ते कुणी विचारत नसे. तीन मुलगे होते, तिघेही वाढत्या वयाचे. थंडीत तिची सासू वारली. शिवणवालीला दुःख झालंच, पण खरं रडू आलं ते पुढच्या महिन्यात दुकानात, सामानाची पिशवी हलकी लागली तेव्हा.

त्यानंतर काही दिवसांनी तिने आत्याबाईंना हाक मारली. "आत्याबाई, जरा बटणं निवडून द्याल का? पांढरी वेगळी, पिवळट वेगळी. माझे डोळे गेले बघा." आत्याबाईंचे डोळे तिच्याहून वाईट होते, पण कुणी काम सांगितल्याला बरेच दिवस झाले होते. त्या गेल्या. बटणांच्या डब्याशेजारी एक पाव होता, त्यावर लोणी.

"मला पचत नाही."

"कोण म्हणतं? खाऊन तर बघा."

त्यांनी खाऊन बघितलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटणं निवडायची होती. आदल्या दिवशीची निवडलेली बटणं शिवणवालीने परत एकत्र करून ठेवली होती.

चिमूटवहिनीला लोण्याचा वास आला तो आत्याबाईंच्या बोटांवरून. तिने जाऊन समोरचं दार ठोठावलं.

"आमच्या आत्याबाईंना लोणी देत जाऊ नका. त्यांना पचत नाही."

"पचलं की. कालही पचलं, आजही पचलं."

"मुलांच्या तोंडचं काढून म्हातारीला लोणी चारताय, ते काय पुण्य म्हणून?"

"आणि तुम्ही म्हातारीच्या तोंडचं काढून मुलांना घालताय, ते काय म्हणून? भिंती पातळ आहेत वहिनी. पेला किती भरला ते ऐकू येतं मला."

"आमचं माणूस आहे ते."

"माणूस आहे ना? मग त्यालाच विचारू. एक तारखेला, खिडकीवर."

नियम तसाच होता. एक तारखेला मदतीच्या कचेरीत एक खिडकी उघडे. कुणी घर बदललं की त्याने स्वतः तिथे उभं राहून आपण कुठे जेवतो ते सांगायचं. मग वाटा त्या घराच्या कार्डावर. जो माणूस उभा राहून सांगणार नाही, त्याचा वाटा लटकलेला.

त्या दुपारी चिमूटवहिनी बराच वेळ पेल्याकडे बघत बसली. धाकटीच्या गालांची हाडं आत्ताच दिसू लागली होती. आत्याबाई समोर गेल्या, तर दूध गेलं, दुसरा पाव गेला. संध्याकाळी तिने आत्याबाईंना पेला काठोकाठ भरून वाढला. वर एक उकडलेलं अंडं.

"हे कुणाचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचंच. खा."

"आत्याआजीला अंडं, आणि मला?" मोठा म्हणाला.

"तुला वास. गप जेव."

मग हे रोजचंच झालं. शिवणवालीने लोण्यावर साखर भुरभुरवली की चिमूटवहिनी बटाटे तेलात परते, तेही चिमटीने नव्हे, धार धरून. धाकटीचं दूध पातळ होत होत नुसतं पांढरं पाणी राहिलं. समोर शिवणवालीची मुलं कोरडा पाव चावताना भिंतींतून ऐकू येत. आत्याबाई इथे जेवत, तिथे जेवत. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. हळूहळू त्यांच्या गालावर थोडा रंग आला, मग तो पिवळा झाला.

"आत्या, मजा आहे तुझी," नवरा म्हणाला. "नवऱ्यामुलाचीसुद्धा एवढी सरबराई करत नाहीत."

"नवऱ्यामुलाची नाही रे," आत्याबाई तोंड पुसत म्हणाल्या, "बोकडाची करतात."

आणि त्याच सगळ्यात जास्त हसल्या.

एक तारखेला पहाटेपासून त्या संडासात होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता आणि गुडघे एकमेकांवर आपटत होते. इतकी वर्षं पोच्यापर्यंतच्या पेल्यावर राहिलेल्या पोटाला खरंच पचेनासं झालं होतं. चिमूटवहिनीला ते एका नजरेत कळलं. तिने त्यांचा एक दंड धरला. समोरचं दार उघडलं आणि शिवणवालीने दुसरा धरला.

"यांना दवाखान्यात न्यायला हवं," शिवणवाली म्हणाली.

"हो ना. नेऊ या. खिडकी झाली की."

"मीही तेच म्हणते."

रांग कचेरीच्या भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेली होती. दोघी दोन्हीकडून आत्याबाईंना उचलून धरून पाऊल पाऊल सरकत होत्या. त्यांचे पाय जमिनीला लागत होते, एवढंच.

"अहो, बसवा त्यांना कुठेतरी," मागचा माणूस म्हणाला.

"बसल्या तर उठायच्या नाहीत," दोघी एकदम म्हणाल्या.

चालता चालता चिमूटवहिनी उजव्या कानात पुटपुटत होती, "आत्याबाई, रक्ताचं नातं ते रक्ताचं." शिवणवाली डाव्या कानात, "आत्याबाई, पोच्याचा पेला आठवा." आत्याबाईंची मान कधी इकडे कलंडे, कधी तिकडे, आणि जिच्याकडे कलंडे तिला वाटे की होकार मिळाला.

खिडकीतल्या कारकुनाने वर बघितलं. "आजी, जेवता कुठे?"

आत्याबाईंनी दोघींकडे बघितलं. विचार करत होत्या की श्वास घेत होत्या, सांगता येणार नाही.

"दोन्हीकडे," त्या म्हणाल्या, आणि दोघींच्या हातांतून खाली घसरल्या.

"दोन्हीकडे चालत नाही," कारकून म्हणाला. मग खिडकीतून वाकून त्याने खाली बघितलं. "दवाखान्यात न्या. तोवर वाटा थांबेल. बऱ्या झाल्या की घेऊन या, तेव्हा सांगू देत. चला, पुढचे."

दवाखान्यात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. हातात सुई खुपसून सलाईन लावलं. दुपारी ट्रॉलीवरून ताट आलं. घट्ट सूप, मऊ पाव, उकडलेली भाजी, वाटीत खीर. दोघी आपापल्या बाजूला बसल्या होत्या, कारण आता आत्याबाई ज्या घरी परत जातील त्या घराचा वाटा चालू होणार होता. चिमूटवहिनीने चमचा भरला, फुंकर घातली, तोंडाशी नेला.

आत्याबाईंनी ओठ मिटले.

"घ्या ना. एवढंसं."

"पचणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. घरात रोज जसं बोललं जाई तसंच त्या बोलल्या.

शिवणवालीने खीर पुढे केली. तिलाही तेच उत्तर. दोघींनी आळीपाळीने लाडीगोडी लावली, दम दिला, नाक दाबायचंही मनात आलं. ओठ उघडले नाहीत. तिकडे ट्रॉलीवाला एकेका खाटेवरून ताटं उचलत येत होता, आणि उरलेलं सगळं एका मोठ्या बादलीत पालथं करत होता.

चमचा अजून हवेतच होता. चिमूटवहिनीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तसं म्हटलं तर बऱ्याच सकाळींपासून. तिने चमचा स्वतःच्या तोंडात घातला. शिवणवालीने ते बघितलं, आणि खिरीच्या वाटीकडे मान वळवली. ट्रॉली येईपर्यंत ताट स्वच्छ झालं होतं. पाव चिमूटवहिनीच्या पिशवीत होता, भाजी शिवणवालीच्या डब्यात.

आत्याबाई उशीवरून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली डबा घरूनच धुऊन घेऊन आली. मग ठरूनच गेलं. सकाळचं ताट एकीचं, संध्याकाळचं दुसरीचं. आधी आत्याबाईंना विचारायचं, त्या नको म्हणाल्या की मग. हळूहळू विचारणं लहान होत गेलं. कधी नव्हे ते दोघींचं पटलं. जिन्यात भेटल्या तर एकमेकींना सांगत, "आज अंडं आहे." "उद्या मासळी असेल." धाकटीचं दूध पुन्हा दाट झालं.

"तुम्हा दोघींचं कौतुक वाटतं," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. "इतर म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. आणि आजी जेवतात किती छान. ताट चाटूनपुसून."

"हो, पहिल्यापासून खाण्याची आवड," चिमूटवहिनी म्हणाली.

सिस्टरने ते डॉक्टरांना सांगितलं. ते फेरीला आले तेव्हा दोघी हजर होत्या.

"जेवण जातंय व्यवस्थित? मग सलाईन कशाला? काढा सुई. हातही सुजलाय त्यांचा."

चिमूटवहिनीच्या पिशवीत पाव होता, अजून कोमट. तिने शिवणवालीकडे बघितलं. शिवणवाली डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. आता बोलायला हवं, हे दोघींना कळत होतं. पण बोललं तर इतके दिवस कोण जेवलं हेही बोलावं लागणार होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. सिस्टरने सुई काढली, कापूस दाबला.

"आत्याबाई, तुम्हीच सांगा की त्यांना," चिमूटवहिनी हळूच म्हणाली.

आत्याबाईंनी ओठ मिटूनच तिच्याकडे बघितलं. कदाचित त्यांना ऐकू आलं नसेल.

"उद्यापासून भरवायचंच," शिवणवाली जिन्यात म्हणाली. "जबरदस्तीने का होईना. त्या गेल्या तर वाटा ना तुमचा, ना माझा."

"उद्यापासून," चिमूटवहिनी म्हणाली. "नक्की."

दुसऱ्या दिवशी दोघींनी खरंच प्रयत्न केला. एकीने हनुवटी धरली, दुसरीने चमचा लावला. सूप ओठांच्या कडेने उशीवर ओघळलं. मग ट्रॉलीचा आवाज ऐकू आला. वाटीत अजून बरंच होतं.

त्यानंतरच्या सकाळी दोघी आल्या तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर बाहेरच उभी होती. तिने दोघींच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला.

"पहाटे गेल्या. त्रास झाला नाही. तुम्ही काही कमी केलं नाहीत बरं का. कालपर्यंत मन लावून जेवल्या. असं मरण सगळ्यांना मिळत नाही."

ती कागदपत्रांसाठी गेली. दोघी पडद्याच्या आत शिरल्या. आत्याबाईंवर चादर होती, कारखान्यात धुऊन आलेली, कडक. स्वयंपाकघराला अजून कुणी कळवलं नसावं, कारण खाटेशेजारच्या टेबलावर नेहमीसारखं झाकलेलं ताट होतं.

पुढच्या एक तारखेला दुकानात काय होणार ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवणवालीने झाकण उचललं. अंडं होतं, एकच, सोललेलं.

"सकाळचं माझं," शिवणवाली म्हणाली.

"ते आत्याबाई होत्या तोवर."

"माझी तीन आहेत घरी."

"अर्धं करू."

चिमूटवहिनीने चमच्याच्या कडेने अंडं मधोमध कापलं. हात जराही हलला नाही. पण पिवळा बलक एका अंगाला होता, आणि बराचसा शिवणवालीच्या अर्ध्यात गेला. चिमूटवहिनीने दोन्ही अर्धी नीट बघितली. मग हात पुढे करून तिने शिवणवालीच्या अर्ध्यातला चिमूटभर बलक काढून घेतला.