गायरानाची सभा

तांड्यातल्या खेमाला गुरांचा विषय काढू देऊ नये, असं इंझोरीकडे म्हणत. भांडखोर होता म्हणून नव्हे. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याची कामं राहून जात.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात कोतवालानं दवंडी पिटली. सरकार गावाचं गायरान मोडून ज्वारीसाठी देणार होतं. त्यावर चावडीत सभा होती, आणि ज्याला जे वाटतं ते त्यानं येऊन सांगावं असा निरोप होता. साठ वर्षांत खेमाला कुणी काही विचारलं नव्हतं. तीन दिवस तो गायरानात फिरला, जागोजागी खणून माती फडक्यांत बांधत राहिला.

चावडी भरली होती. इंद्रभान पाटील आधी बोलले. टंचाईत लोकांनी काय खाऊन दिवस काढले ते सगळ्यांना आठवत होतं. भूमिहीनांची पंधरा घरं असताना गुरांसाठी रान राखणं पाटलांना पाप वाटत होतं. त्यांचंही खोटं नव्हतं.

मग खेमा उठला. तहसिलीतून सभेला आलेल्या साहेबांसमोर त्यानं फडकी सोडली.

"ही वरची माती, चार बोटं. खाली सारा मुरूम. दोन साल ज्वारी होईन, तिसऱ्या साली कुसळ बी नाई. मंग ढोरं बी गेले अन् ज्वारी बी."

नाल्याकाठचा पट्टा मात्र काळ्या मातीचा होता. तो गरिबांना द्यावा, उतार गुरांना ठेवावा, असं त्यानं सुचवलं. पाटलांनी पुढं होऊन मुरूम हातात घेतला, चुरून पाहिला.

"खेमा, तुयं बरोबर हाये," ते म्हणाले. "म्या हे पायलंच नव्हतं."

पाटलांनी तांड्यातल्या माणसाचं खरं मानलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं. एकेक करत सगळे हात वर झाले. खेमानं साहेबांना हे लिहून घ्यायची विनंती केली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद उलटासुलटा केला.

"बाबा, हुकूम मागच्याच महिन्यात निघालाय. सभा झाली, एवढंच मला कळवायचं आहे."

"मंग आमाले कायले इचारलं?"

साहेबानं दौतीचं झाकण लावलं.

तिसऱ्या साली उतारावर खरंच काही उगवलं नाही. तोवर खेमाची गुरं रिसोडच्या बाजारात गेली होती. आपलं खरं ठरलं याचा त्याला आनंद झाला नाही. पाटील वाटेत भेटले तर दोघं खाली बघून जात.

छप्पन्नला पुन्हा दवंडी आली. शाळा तांड्याजवळ बांधायची की नाल्यापलीकडे, यावर सभा होती. गोमतीबाई नवऱ्याला म्हणाली, "जा नं, बोला. नातीले रोज नाला वलांडा लागन."

खेमानं बंडी घातली. दारापर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला, आणि बंडी काढून खुंटीला टांगली.

सभेला चार माणसं आली. नव्या साहेबानं तासभर वाट पाहिली आणि लिहिलं: गावकऱ्यांची हरकत नाही. शाळा नाल्यापलीकडे झाली. भादव्यात पाणी कमरेपर्यंत चढलं तशी नात घरी राहू लागली, आणि दिवाळीनंतर तिची पाटी कुणी शोधलीही नाही.